उसाचा लालभडक फोटो म्हणजे तापलेला ऊस नव्हे

चिकोडी-अथणीकडच्या शिवाराचं उपग्रह-चित्र व्हॉट्सअॅपवर आलं की कोणीतरी हमखास विचारतं, "एवढं लाल? एवढं तापलंय?" तापलेलं नसतं. तो लाल रंग म्हणजे भरगच्च, हिरवागार ऊस. हिरवं पान जो निअर-इन्फ्रारेड प्रकाश परतवतं तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चित्र तयार करताना त्याला लाल रंग देण्याची जुनी पद्धत आहे. शिवाराची उष्णता दाखवतं ते थर्मल इन्फ्रारेड.

निअर-इन्फ्रारेड हा सूर्याचाच प्रकाश. सेंटिनेल-२ उपग्रह तो ०.८४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास टिपतो. हिरवं पान त्यातला जवळपास निम्मा परतवतं, उरलेला बहुतेक आरपार सोडतं, शोषतं अगदी थोडा. आरपार गेलेला प्रकाश खालच्या पानावर आपटून पुन्हा वर येतो, त्यामुळे पानांचे थर वाढतील तसा फड उजळ दिसत जातो. रात्री मात्र या चित्रात अंधार.

थर्मल किरण पान, माती, कौलं स्वतःच सोडतात, रात्रंदिवस. २७ अंशांच्या आसपासची वस्तू १० मायक्रॉनजवळ सगळ्यात जास्त सोडते. लँडसॅट ८ उपग्रहाचे थर्मल पट्टे १०.९ आणि १२ मायक्रॉनचे आहेत ते म्हणूनच.

संगणकावर फड उभा करायला बसलं की हा फरक पक्का कळतो. फ्रान्समधल्या तुलूझच्या सेस्बिओ प्रयोगशाळेत १९९२ पासून घडत आलेलं डार्ट हे मॉडेल सऱ्या, पानं, त्यांचे कोन, माती आणि वरची हवा मांडून दोन्ही प्रकारची चित्रं काढतं. निअर-इन्फ्रारेडसाठी त्याला सूर्य कुठे आहे ते सांगावं लागतं. बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो; डिसेंबरच्या सकाळी तो आग्नेयेला कललेला, म्हणून सरी कुठल्या दिशेची यावर सावली ठरते. थर्मलसाठी प्रत्येक पानाचं, ढेकळाचं तापमान हवं आणि ती वस्तू उष्णता कितपत सहज सोडते तेही. सूर्य इथे फक्त तापवण्यापुरता.

हे "कितपत सहज" फार महत्त्वाचं आहे. नव्या चकचकीत पत्र्याला भर दुपारी हात टेकवत नाही, तरी थर्मल चित्रात तो शेजारच्या खानापुरी कौलांपेक्षा गार दिसतो. तो स्वतः उष्णता कमी सोडतो आणि वरच्या गार आकाशाची किरणं परतवतो. मॉडेलमध्ये हा एक आकडा चुकला की घराचं तापमानच चुकतं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. पाण्याची पाळी चुकली आणि उसाला ताण बसला, तर पानं आपली रंध्रं मिटतात, बाष्प कमी जातं, पान तापतं. थर्मलमध्ये ते लवकर उमटतं. निअर-इन्फ्रारेडमध्ये पानं तेवढीच असल्याने फड सुरुवातीला तसाच लालभडक राहतो. लाल चित्र पाहून "पीक झकास आहे" म्हणणारा त्या आठवड्यात फसू शकतो. इस्रो आणि फ्रान्सची अवकाश संस्था सीएनईएस यांनी मिळून आखलेली तृष्णा ही उपग्रह मोहीम थर्मल मोजमापावर भर देते ती याचसाठी.

अडचण बारकाव्याची आहे. सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटरचा, लँडसॅट ८ चा थर्मल ठिपका मुळात १०० मीटरचा, म्हणजे अडीच एकर. त्यात अर्धा ऊस तुटलेला, अर्धा उभा, मधून गाडीवाट असेल तर मिळणारं तापमान ना उसाचं ना मोकळ्या मातीचं. डार्टसारख्या मॉडेलमध्ये तोच तुकडा मांडून उसाचा वाटा किती, तापलेल्या मातीचा किती हे वेगळं काढता येतं.