ब्लू रिजचा निळा रंग येतो कुठून?

गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. अमेरिकेतल्या ब्लू रिज डोंगररांगेतून जाणाऱ्या ‘ब्लू रिज पार्कवे’ या रस्त्यावरून टिपलेला. एकामागे एक सात-आठ डोंगररांगा. जवळची गर्द, तिच्यामागची फिकी, शेवटची तर आभाळात विरघळलेली. खाली लिहिलं होतं, ‘इथली झाडं एवढा प्राणवायू सोडतात की हवाच निळी झाली आहे!’ प्राणवायूला रंग नसतो, त्यामुळे हे चूक आहे. पण या निळाईत झाडांचा हात आहे, हे खरं. कसा, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आधी रस्त्याबद्दल थोडं. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानापासून नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रेट स्मोकी डोंगरांपर्यंत ४६९ मैल, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटर. काम सुरू झालं ११ सप्टेंबर १९३५ रोजी, महामंदीत बेकारांच्या हाताला काम देण्यासाठी. आखणी केली स्टॅन्ली ॲबट या पंचविशीतल्या भूदृश्यरचनाकाराने. लवकर पोहोचवणं हा या रस्त्याचा हेतूच नव्हता. ना जाहिरातींचे फलक, ना मालट्रक. वेगमर्यादा ताशी फार तर ४५ मैल, आणि ठिकठिकाणी थांबून डोंगर बघायला जागा. शेवटचा तुकडा ग्रँडफादर माउंटनच्या कुशीतला. डोंगर न फोडता तिथे १५३ काँक्रीटचे तुकडे जोडून वळणदार पूल उभारला आणि १९८७ साली रस्ता पुरा झाला.

आता निळ्याकडे. या उतारांवर ओकची झाडं भरपूर. कडक ऊन पडलं की ओकचं पान आयसोप्रीन नावाचा वायू सोडू लागतं. पाच कार्बन, आठ हायड्रोजन; नैसर्गिक रबराची लांबलचक साखळी ज्या कडीची बनते, तीच ही कडी. पान तिचा साठा करत नाही. ऊन आणि उष्णता मिळाली की बनवतं आणि लगेच सोडतं. तापमान ३० अंशांच्या आसपास असेल, तर मेहनतीने मिळवलेल्या कार्बनपैकी दोनेक टक्के त्यात जातो. एवढी उधळपट्टी का? उष्णतेच्या झटक्यांपासून हरितलवकांतली पटलं वाचवण्यासाठी, असं बरेच संशोधक मानतात.

हा वायूसुद्धा बिनरंगी. पण हवेतले हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या अतिशय क्रियाशील जोड्या, एक-दोन तासांतच त्याला गाठतात. रेणूला ऑक्सिजन चिकटत जातो, तो जड होतो आणि त्याचा उडून जाण्याचा स्वभाव बदलतो. कापूर उघडा ठेवला तर उडून जातो, तेल मात्र बोटाला चिकटून राहतं. तसाच हा फरक. असे चिकट रेणू हवेतल्या बारीक कणांवर बसतात. पाइनच्या राळेतले सुगंधी वायूही यात भर घालतात. वनस्पतींच्या वायूंपासून निळं धुकट बनतं, हे फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० साली मांडलं होतं. आयसोप्रीनपासूनही असे कण बनतात, याचा पुरावा २००४ साली ॲमेझॉनच्या जंगलातल्या हवेतून मिळाला.

आता सगळं ठरतं ते कणाच्या आकारावर. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असेल, तर प्रकाशाचं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होतं. म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. हवेचे रेणूही हेच करतात. कण त्यात भर घालतात. तुमच्या आणि डोंगराच्या मधल्या हवेतून हा विखुरलेला निळा उजेड डोळ्यांत येतो आणि मागच्या हिरव्यावर पसरतो. अंतर जितकं जास्त, तितका निळा दाट. दुरून डोंगर साजरे दिसतात ते याच पडद्यामुळे. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्सवरही हेच घडतं. तिथली झाडं म्हणजे आपली निलगिरी.

कण फुगून तरंगलांबीएवढा झाला की मात्र सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि धुकट पांढरं दिसतं. इथे कोळसा येतो. वीजकेंद्रांच्या गंधकयुक्त धुरातून सल्फेटचे कण बनतात आणि दमट हवेत पाणी शोषून फुगतात. हा रस्ता बांधला जात होता त्याच दशकांत, ज्या देखाव्यासाठी तो बांधला तोच पांढुरका होत गेला. याचं मला फार वाईट वाटतं. १९८०च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी हवेच्या प्रदूषणाचा मोठा दोष झाडांच्याच माथी मारला होता. आयसोप्रीनपासून जमिनीलगत ओझोन बनतो खरा, पण त्यासाठी नायट्रोजनची ऑक्साइडं लागतात, आणि ती मुख्यतः गाड्या नि धुराडी पुरवतात. झाडं लाखो वर्षं तोच वायू सोडत आली आहेत.

पुढे अमेरिकेचा १९९०चा सुधारित हवा-कायदा आणि २००२चा नॉर्थ कॅरोलायनाचा धुराडी-कायदा आला. गंधक कमी झालं, मागच्या रांगा पुन्हा दिसू लागल्या.

निळं धुकट पाहायचं तर उन्हाळ्यातली दुपार गाठावी. ऑक्टोबरात लाल-पिवळ्या पानांसाठी गर्दी उसळते, तोवर पानांतून सुटणारं आयसोप्रीन ओसरलेलं असतं, हवा कोरडी झालेली असते आणि उन्हाळ्यात न दिसलेली एखादी रांग सगळ्यांच्या मागे उभी असते.