धोंडा हलत नाही तेव्हा ट्रॅक्टरचं काय होतं

पाटण तालुक्यात डोंगराच्या कडेला घर असलं की परड्यात कुठंही कुदळ मारा, हातभर मातीखाली मुरूम लागतो आणि त्या मुरमात गोल धोंडे. आमच्या घरामागं ताल (माती धरून ठेवणारी दगडी भिंत) घालायला पाया खणत होतो तर नेमका मधोमध असा एक धोंडा निघाला, चार फूट लांब, अडीच रुंद, दोन फूट जाड. आण्णांचा (आमचे चुलते) २० एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, पहिला गिअर टाकला, आणि मागची चाकं जागेवरच फिरून माती उकरायला लागली. धोंडा होता तिथंच.

हे धोंडे गोल का असतात ते आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं नदीनं आणून टाकलेत. तसं नाही. आपला सगळा सह्याद्री म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, एकावर एक थर साचून थंड झालेला. थंड होताना त्याला भेगा पडल्या, भेगांतून पाणी मुरलं, आणि चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यांना तीन बाजूंनी पाणी लागतं म्हणून कोपरे आधी कुजले. कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेले, बाहेरचा मुरूम झाला आणि आतला कठीण गाभा गोल उरला. म्हणजे आपल्या परड्यातला धोंडा कुठून आलेला नाही, तो तिथलाच आहे, त्याच्या भोवतीचा दगड गेला.

आता वजन. काळा पाषाण एका घनफुटाला ८० ते ८५ किलो भरतो. चार गुणिले अडीच गुणिले दोन म्हणजे २० घनफुटाचा खोका झाला, पण अंडाकार दगड त्या खोक्याचा जेमतेम निम्मा भाग भरतो, तर धरा ८५० किलो. आणि गंमत अशी की आण्णांचा ट्रॅक्टर पण साधारण तेवढ्याच वजनाचा.

२० एचपीचं इंजिन अगदी हळू, ताशी दोन किलोमीटरनं चालवलं तर हिशेबानं ते दोन टनांच्या आसपास ओढ देऊ शकतं. मग अडतं कुठं, तर चाकाखालच्या मातीत. चाक मातीला मागं ढकलतं म्हणून ट्रॅक्टर पुढं जातो, आणि माती किती ढकलून घेईल हे चाकावर वजन किती आहे यावर ठरतं. कोरड्या घट्ट मातीत ही ओढ चाकांवरच्या वजनाच्या निम्मी किंवा थोडी जास्त मिळते, म्हणजे आमच्या ट्रॅक्टरची फार तर ४०० ते ५०० किलो, बाकीचं इंजिन कितीही गुरगुरलं तरी चाक नुसतं फिरणार. आणि धोंडा मातीवरून फरफटत न्यायचा तर त्याच्या वजनाच्या ६०-७० टक्के ओढ लागते, म्हणजे ५०० ते ६००, वर तो पुढं मातीचा ढीग जमवतो ते वेगळंच. टायरात पाणी भरून १०० किलो वाढवले तरी ओढ ५०-६० किलोनंच वाढते.

इथं सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं, आमच्या पुतण्याच्या पण आलं, की साखळी वर बांधू, टॉप लिंकच्या (ट्रॅक्टरमागच्या वरच्या दांडीच्या) पिनेला, म्हणजे धोंड्याचं तोंड जरा उचलेल. आण्णा ओरडलेच, "आरं बाळा तिथं नगं, ती दांडी ओढायची न्हाय, ढकलायची हाय!"

आण्णांचं हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं, त्यामागं शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९१७ पासून फोर्डसन नावाचे हलके ट्रॅक्टर आले, त्यांच्या मागं नांगर नुसता अडकवलेला असायचा, आणि फाळ दगडाला अडला की चाक थांबायचं पण इंजिन थांबायचं नाही, मग ट्रॅक्टरचं तोंडच वर उठून तो मागं उलटायचा, माणूस खाली. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं यावर तीन दांड्यांची जोडणी काढली. खालच्या दोन दांड्या नांगर ओढतात, आणि नांगर अडून पुढं कलायला लागला की वरची दांडी ट्रॅक्टरला ढकलून त्याचं तोंड खाली दाबते. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं तीच जोडणी आहे. साखळीला मात्र ढकलता येत नाही. त्यामुळं वरच्या पिनेला साखळी बांधली की जी जागा ट्रॅक्टरला वाचवायला केली तीच त्याला उलटवते.

हिशेब करून बघा. ट्रॅक्टरच्या वजनाचा मध्य मागच्या चाकाच्या पुढं साधारण ६० सेंटिमीटरवर असतो, ८५० किलोला ०.६ मीटरनं गुणलं की ५१०, एवढा जोर तोंड खाली धरून ठेवतो. साखळीची ओढ ५०० किलो आणि ती जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर, म्हणजे खालच्या ड्रॉबारला (ओझं ओढायच्या मागच्या पट्टीला) असली तर उलटवणारा जोर २००, काळजी नाही. तीच ८० सेंटिमीटरवर बांधली तर ४००. सपाटीवर हे पण चालून जाईल असं वाटतं, पण १५ अंशांच्या चढावर वजनाचा मध्य मागं सरकतो आणि ते ५१० चे ३६० होतात. मग ४०० विरुद्ध ३६०, झालं. ढिली साखळी ठेवून क्लच झटक्यात सोडला तर ओढ क्षणभर आणखी वाढते. उलटायला एक-दीड सेकंद लागतो, क्लच दाबायचं सुचायच्या आत सगळं होऊन जातं, आणि रोलबार (उलटल्यावर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान) नसलेल्या छोट्या ट्रॅक्टरवर वाचायला जागाच नसते. बैलजोडीला ओझं झेपलं नाही की ती थांबते, इंजिनाला ते कळत नाही.

साखळी ड्रॉबारलाच असली तर अजून एक फायदा, तोंड जरा उचललं की ड्रॉबार आणखी खाली जातो आणि उलटवणारा जोर आपोआप कमी होतो.

मग आम्ही ओढ वाढवायचा नाद सोडला आणि धोंड्याचं घर्षण कमी केलं. बाभळीचे दोन ओंडके पुढच्या टोकाला तासून त्यावर आडव्या फळ्या ठोकल्या, घसरगाडीच म्हणा. धोंडा तिच्यावर चढवायला पाच फुटी पहार. टेकू टोकापासून अर्ध्या फुटावर ठेवला की पलीकडं साडेचार फूट राहतात, नऊपट जोर, म्हणजे ५० किलोच्या दाबाला ४५० किलो, आणि एक कड उचलायला निम्मंच वजन पेलावं लागतं, ४२५. दोघांनी आरामात केलं. पण नऊ इंच दाबलं की धोंडा एकच इंच उठतो, म्हणून दर इंचाला खाली चपटा दगड सारायचा, आणि हात कधी घालायचा नाही, काठीनं सारायचा.

लाकूड मातीवरून घसरायला वजनाच्या ३५-४० टक्के ओढ पुरते, म्हणजे ३००-३४०. चाकं फिरली नाहीत, गाडी निघाली. प्राचीन इजिप्तमधल्या जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात एक माणूस घसरगाडीपुढं पाणी ओततोय, आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ मध्ये दाखवलं की वाळू नेमकी ओली असली तर ओढ निम्म्यावर येते. आपल्या मातीत मात्र मी पाणी टाकणार नाही, चिकण ओली झाली की ट्रॅक्टरचीच पकड जाते. उतारावर तर उलटा धोका, घसरगाडी मागून ट्रॅक्टरवर येऊ शकते, तिथं आम्ही मागच्या बाजूनं दोर झाडाला एक वेढा देऊन ढिला सोडत गेलो. आणि ओढायला साखळीच, नायलॉनचा दोर ताणून रबरासारखी ताकद साठवतो आणि तुटला की चाबकासारखा येतो, म्हणून पोरांना आधीच लांब उभं केलं होतं.

धोंडा तालीत बसवताना त्याची लांबी भिंतीच्या आत घातली, बाहेर फक्त अडीच फुटाचं तोंड, आणि डोंगराकडं थोडा कलता. मागं माती न भरता खडी भरली, पावसाचं पाणी तुंबलं की सगळ्यात जास्त तेच रेटतं.