लाईन परत येते तेव्हा

मे महिन्यात आमच्याकडे दिवेलागणीला वादळ सुटतं, कडुलिंबाची फांदी तारेवर पडते आणि गावभर एकच ओरड होते, "लाईन गेली!" चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, कोराडी आणि खापरखेडाही आपल्याच विदर्भात. वादळाच्या रात्री वीज कमी पडलेली नसते. ११ हजार व्होल्टची तार किंवा गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, यांतलं काहीतरी बिघडलेलं असतं. घरातल्या यंत्रांचा खरा धोका पुढेच असतो, लाईन परत येते तेव्हा.

लाईन गेली तरी कूलर, फ्रिज, मोटर यांची बटणं चालूच राहतात. ती आली की गावातलं झाडून सगळं एकाच क्षणी सुरू होतं. थांबलेली मोटर फिरायला लागताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एवढा भार एकदम आला की व्होल्टेज पडतं. मग मोटर वेग घेत नाही, जास्तीचा करंट ओढतच राहते आणि तिचं वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, तापतं. फ्रिजचं दुखणं आणखी वेगळं. त्याच्या नळ्यांत एकीकडे वायूचा दाब जास्त, दुसरीकडे कमी असतो आणि तो सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधीच लाईन आली तर कॉम्प्रेसर नुसता घुमतो, फिरत नाही. म्हणून लाईन गेली की एक दिवा सोडून सगळी बटणं बंद करा. दिवा लागल्यावर पाच मिनिटं थांबा, मग एकेक यंत्र सुरू करा.

तो एक दिवा जुना पिवळा बल्ब असला तर फार बरं. एलईडी व्होल्टेजचा चढउतार लपवतो, पिवळा बल्ब लगेच दाखवतो. डीपीतून निघणाऱ्या कुठल्याही दोन फेजांमध्ये, म्हणजे वीज आणणाऱ्या तारांमध्ये, सुमारे ४०० व्होल्ट असतात, फेज आणि न्यूट्रल म्हणजे परतीची तार यांच्यात २३०. वादळात न्यूट्रल तुटला तर वेगवेगळ्या फेजवरची घरं त्या ४०० व्होल्टांत एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या घरात कमी यंत्रं चालू, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात. म्हणजे एक बल्ब आणि एक पंखा असलेल्या गरिबाच्या घरालाच मोठा दणका! बल्ब भगभगला किंवा पंखा नको तितका पळायला लागला, तर आधी मेन स्विच पाडा, मग वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर फोन लावा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाईनला किंवा जनरेटरला यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, न लावता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडू नका, नाहीतर त्याची वीज उलट डीपीकडे जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. जो ११ हजारांचे २३० करतो, तोच उलट बाजूने आलेल्या २३० व्होल्टचे दहा हजारांच्या आसपास करू शकतो, आणि त्या वेळी खांबावर तार बंद आहे असं समजून काम करणारा लाईनमन असतो. लाईनमनची वाट न पाहता स्वतः डीपीवर फ्यूज टाकायला जाणं हेही तितकंच जिवावरचं.

राहिला उकाडा. फ्रिजचं दार उघडलं नाही, तर आतला गारवा सुमारे चार तास टिकतो. लाईन त्याहून जास्त वेळ गेली तर इन्सुलिनसाठी माठच कामाचा. कुपी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घाला, डबी लहान मडक्यात आणि ते मडकं ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात ठेवा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जी उष्णता निघून जाते, तेवढ्यात पन्नासहून जास्त ग्रॅम पाणी दहा अंशांनी गार होतं. आपला मे कोरडा, म्हणून वाफ भराभर होते. आषाढात हवाच दमट, तेव्हा माठही फारसा गारवा देत नाही. म्हाताऱ्या माणसांचं आणि लेकरांचं अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालणं, यामागचं विज्ञानही हेच.

आणि उकडतं म्हणून ओसरीत भुईवर अंग टाकू नका. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो. त्याचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, उशाशी टॉर्च ठेवा. पहाटे कुणाच्या पापण्या जड झाल्या, पोट दुखायला लागलं, तर उजाडायची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा.