कोचिंग मानसशास्त्र : मानसशास्त्रज्ञांचे प्रशिक्षण

ज्यांचे रोजचे जगणे बऱ्यापैकी सुरळीत चालले आहे, पण कामात किंवा आयुष्यात पुढचे पाऊल अडले आहे, अशांसोबत संवादातून काम करण्याचे कौशल्य मानसशास्त्रज्ञांना देणारे प्रशिक्षण. मराठीत ‘कोचिंग’ म्हटले की आधी नीट-जेईईचा क्लास आठवतो. गंमत म्हणजे तोच अर्थ जुना आहे. हंगेरीतील कोच या गावच्या घोडागाडीवरून हा शब्द इंग्रजीत आला आणि एकोणिसाव्या शतकात परीक्षेतून पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकाला ऑक्सफर्डचे विद्यार्थी ‘कोच’ म्हणू लागले. खेळातला कोच त्यानंतरचा.

विद्यापीठीय विषय म्हणून या शाखेचा पाया सिडनीत घातला गेला. अँथनी ग्रँट यांनी 2000 साली सिडनी विद्यापीठात कोचिंग मानसशास्त्राचा जगातील पहिला विभाग सुरू केला. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने 2004 मध्ये या विषयाचा स्वतंत्र गट स्थापला. 2021 मध्ये त्याला पूर्ण शाखेचा दर्जा मिळाला.

ज्याने मन या विषयातच पदव्या घेतल्या, त्याला वेगळे काय शिकवायचे? खरे तर शिकवण्यापेक्षा सवय मोडण्याचे काम जास्त असते. निदान करणाऱ्याचा कान बिघाड टिपायला तयार झालेला असतो. समोरचा म्हणाला, ‘बैठकीत मला बोलताच येत नाही,’ की निदान करणारा त्याच्या बालपणाकडे वळतो. कोचिंगमध्ये प्रश्न असतो : गेल्या महिन्यात एकदा तरी बोललात ना, तेव्हा काय वेगळे होते?

सराव बहुधा तिघांच्या गटात होतो. एक कोच, एक क्लायंट आणि तिसरा केवळ निरीक्षक. क्लायंटने नाटक करायचे नसते, स्वतःचीच खरी अडचण आणायची असते. उपाय-केंद्री पद्धतीतील (अडचणीच्या मुळापेक्षा काय जमते यावर भर देणाऱ्या) मोजपट्टीचा प्रश्न इथे घोटून घेतात. एक ते दहामध्ये आज कुठे आहात? ‘चार.’ नवखा हटकून विचारतो, ‘चारच का?’ आणि क्लायंट कारणांची यादी वाचू लागतो. ‘तीन नाही, चार कशामुळे?’ असे विचारले की तोच माणूस जमलेल्या गोष्टी आठवू लागतो. मराठीत ‘का’ हा शब्द तसाही जाब विचारल्यासारखा लागतो, म्हणून इथे जास्तच जपावे लागते. मग ध्वनिमुद्रण ऐकून कोच किती बोलला, किती वेळा मध्येच तोडले, शांतता किती सोसली, हे तपासले जाते. हा भाग अनुभवी समुपदेशकांनाही झोंबतो.

जॉन व्हिटमोर यांनी 1992 च्या पुस्तकातून लोकप्रिय केलेला ‘ग्रो’ आराखडा (ध्येय, सद्यःस्थिती, पर्याय, निर्धार) तासाभरात समजतो. त्यावरच थांबणारे अभ्यासक्रमही आहेत. मानसशास्त्रज्ञाला ते तोकडे पडतात. त्याला प्रेरणेचे सिद्धांत, बोधात्मक-वर्तन पद्धती (विचारांची सवय बदलून वागणे बदलणारी) आणि संस्थेतील हितसंबंध यांची सांगड घालावी लागते. फी कंपनी देते आणि मनातले बोलतो कर्मचारी. वरिष्ठाला काय कळवायचे, हे पहिल्या भेटीआधीच तिघांत ठरलेले बरे.

मानसशास्त्रज्ञाचे पारडे जड ठरते ते मर्यादा ओळखण्यात. ऑस्ट्रेलियातील काही अभ्यासांत लाइफ कोचिंगसाठी आलेल्यांपैकी सुमारे पाव ते निम्म्या लोकांत लक्षणीय मानसिक ताण आढळला. ‘प्रमोशन हवे’ म्हणून आलेला माणूस झोप उडाल्याचे, कशातच रस न उरल्याचे सांगतो, तेव्हा ध्येय लिहून घेत बसायचे नसते, उपचाराची वाट दाखवायची असते. मात्र तोच मानसशास्त्रज्ञ उपचारही करू शकत असला, तरी एकाच करारात दोन्ही भूमिका मिसळू नयेत, असा दंडक आहे.

प्रशिक्षणानंतरही पर्यवेक्षण, म्हणजे अनुभवी व्यक्तीसोबत आपले काम तपासून घेणे, सुटत नाही. अनुभवाचे तासही मोजले जातात : इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या प्रमाणपत्राच्या तीन श्रेणींसाठी अनुक्रमे 100, 500 आणि 2,500 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. ही संस्था सर्वच कोचांसाठी आहे, केवळ मानसशास्त्रज्ञांसाठी नाही.

भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोचसाठी तसा कायदा नाही. मुंबई-पुण्यात ‘लाइफ कोच’ असे कार्ड छापायला छापखान्यापलीकडे कुणाची परवानगी लागत नाही.