वर्षाची मिरची भरण्याआधी हे वाचा

नंदुरबारच्या बाजारातला ओल्या लाल मिरचीचा भाव ऐकून दुकानातली सुकी मिरची महाग वाटते. हिशोब असा आहे: 100 किलो ओली मिरची पथारीवर, म्हणजे उघड्यावर पसरून, वाळली की हाती 25 ते 30 किलोच उरते. ओली 40 रुपये किलो धरली, तर सुकीचा नुसता मालच 133 ते 160 रुपयांना पडतो. वाळवणीची आणि देठ खुडण्याची मजुरी वेगळी.

शिवाय भाव एकट्या खानदेशात ठरत नाही. 2023-24 मध्ये देशातून सुमारे 15 लाख टन मसाले परदेशी गेले, त्यात मिरची जवळपास 6 लाख टन होती. सर्वात मोठं गिऱ्हाईक चीन. तेजा या जातीसारख्या तिखट मालाला तिकडून मागणी आली की आंध्रातल्या गुंटूरच्या मोठ्या मिरची बाजारात भाव चढतो आणि पाठोपाठ आपल्याकडची बोलीही चढते. 2021-22 मध्ये आंध्र-तेलंगणात फुलकिड्यांच्या नव्या जातीने पीक खाल्लं, भाव वाढले, लोकांनी लागवड वाढवली, शीतगृहं भरली. 2025 च्या सुरुवातीला भाव इतके पडले की आंध्रच्या मिरचीसाठी केंद्राला बाजार हस्तक्षेप योजना, म्हणजे भाव पडल्यावर शेतकऱ्याला आधार देणारी योजना, लावावी लागली. जिऱ्याचंही तेच: 2023 मध्ये क्विंटलला 50 हजारांवर गेलं, पुढच्या हंगामात पेरा वाढताच उतरलं. म्हणून तेजीच्या वर्षी दोन वर्षांचा साठा करू नका.

खरी काळजी ओलाव्याची घ्या. सुक्या मिरचीत पाणी 11 टक्क्यांच्या आत हवं. कानाशी हलवली की बी खुळखुळलं पाहिजे. साल चामड्यासारखी लवत असेल, तर वाळवण अपुरी आहे किंवा वजनासाठी पाणी मारलं आहे. पथारीवर अवकाळी पाऊस पडला की मिरचीवर पांढरट डाग पडतात, आत काळी बुरशी धरते. असा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बुरशीतून होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष घरच्या भाजण्याने जात नाही. युरोपात त्याच्या बी-1 प्रकाराला किलोमागे फक्त 5 मायक्रोग्रॅमची मुभा आहे, तेवढ्यावरून माल परत येतो.

तयार तिखट घेणार असाल तर ग्लासभर पाण्यावर चिमूटभर टाका. रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर भेसळ आहे. पण भेसळीसाठी वापरला जाणारा सुदान नावाचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात दिसत नाही. तो प्रयोगशाळेतच सापडतो. त्यामुळे अख्खी मिरची घेऊन डोळ्यांसमोर कांडून घेणं आम्हाला जास्त खात्रीचं वाटतं.

कांडपाला आणण्याआधी मिरची एक-दोन दिवस कडक उन्हात घाला, देठं काढा, सावलीत निवू द्या. गरम मिरची कांडली की रंग काळवंडतो. काळ्या मसाल्याचं भाजलेलं खोबरं, धणे, खडा मसालाही पूर्ण निवाला पाहिजे, नाहीतर डब्यात वाफ धरते. तिखट काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून, अंधारात ठेवा, वर हिंगाचा खडा. उजेडात रंग उडतो. ओला चमचा मात्र कधीच घालू नका.