मूडबोर्ड

मूडबोर्ड : घर, पोशाख, जाहिरात किंवा वेष्टन यांसारख्या कामाचे प्रत्यक्ष आरेखन सुरू करण्यापूर्वी त्याचा एकंदर भाव, रंग आणि पोत ठरवून घेण्यासाठी छायाचित्रे, कात्रणे, कापडाचे व साहित्याचे तुकडे एकत्र मांडून केलेला फलक. ‘भावफलक’ हा प्रतिशब्द अर्थाने चपखल आहे. पण ठाण्यात इंटिरिअर करणारे आणि खारघरचे फॅशनचे विद्यार्थी दोघेही ‘मूडबोर्ड’च म्हणतात, म्हणून नोंद त्याच नावाने दिली आहे.

उगमाविषयी दोन मते संभवतात. पहिले मत कोलाजकडे बोट दाखवते. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी १९१२ च्या सुमारास चित्रात छापील कागद चिकटवायला सुरुवात केली. पुढे आबी वारबुर्ख (१८६६–१९२९) या जर्मन कलेतिहासकाराने काळ्या कापडाने मढवलेल्या फलकांवर प्राचीन शिल्पांच्या छायाचित्रांशेजारी टपाल तिकिटे आणि जाहिरातीही लावल्या. दोन चित्रे शेजारी आली की तिसराच अर्थ निघतो, हे दोन्हीकडे दिसते. मत आकर्षक आहे, पण त्यातून फलकावरच्या कापडाच्या तुकड्यांचा उलगडा होत नाही. शिवाय वारबुर्ख यांचे फलक होऊन गेलेल्या गोष्टींकडे पाहतात. मूडबोर्ड अजून न झालेल्या वस्तूकडे.

दुसरे मत नमुना-वहीचे. बार्बरा जॉन्सन या इंग्रज स्त्रीने १७४६ ते १८२३ या काळात आपल्या कपड्यांच्या कापडाचे तुकडे, लांबी व किमतीच्या नोंदींसह, एका वहीत लावले. सोबत फॅशनची छापील चित्रेही जपली. ही वही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. व्यापारी अंगाने पाहता लंडनच्या इंडिया म्युझियमचे जॉन फोर्ब्स वॉटसन यांचे काम अधिक बोलके आहे. त्यांनी १८६६ मध्ये भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत बसवले आणि असे २० संच काढले. भारतीय गिऱ्हाइकाला काय आवडते, ते ब्रिटिश गिरण्यांना कळावे, हा हेतू उघड होता. तुकडा हाताने चाचपून पुढच्या मालाचा निर्णय घेणे, ही मूडबोर्डमागची क्रिया येथे पुरती दिसते. त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. ठाणेकराला तर त्यासाठी लंडनला जायला नको. १९२५ मध्ये ठाण्यात लोकरी कापडाची गिरणी निघाली, ती पुढे ‘रेमंड’ म्हणून देशभर माहीत झाली. तिच्या जमिनीवर आता निवासी मनोरे उभे राहत आहेत. म्हणजे सुटिंगच्या नमुन्यांची जागा दिवाणखान्यांच्या मूडबोर्डांनी घेतली.

‘मूडबोर्ड’ ही संज्ञा फॅशन आणि गृहसजावटीच्या व्यवसायात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेली दिसते. २०१० मध्ये पिंटरेस्ट हे चित्रे गोळा करून मांडण्याचे संकेतस्थळ सुरू झाल्यावर ती व्यवसायाबाहेर गेली.

शिक्षणक्रमात मूडबोर्ड, रंगफलक आणि ग्राहकफलक (ग्राहक कोण, कसा राहतो हे दाखवणारा) वेगळे करून घेण्याची पद्धत आहे. खारघर येथील राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी हा पहिल्या पाठांपैकी एक. गार्नर व मॅकडोना-फिल्प या डिझाइनच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये असे मांडले, की फलक केवळ उत्तर दाखवत नाही, प्रश्न नेमका काय आहे हे शोधायलाही मदत करतो.

व्यवहारात सर्वाधिक फसगत रंगाची होते. दोन नमुने एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात; याला मेटामेरिझम म्हणतात. रंगद्रव्ये वेगवेगळी असली, की प्रकाशाच्या निरनिराळ्या लहरी ती वेगवेगळ्या प्रमाणात परावर्तित करतात, त्यामुळे हे घडते. सनमायका आणि पडद्याचे कापड दुकानातल्या सुमारे ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पांढऱ्या उजेडात जुळते, आणि घरी २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली एक हिरवट, दुसरे तांबूस होते. म्हणून फलक ज्या खोलीसाठी आहे तिथेच, एकदा खिडकीच्या उजेडात आणि एकदा दिवे लावून, पाहावा. शेडकार्डवरच्या चौकोनापेक्षा तोच रंग भिंतभर लावल्यावर अधिक उठून दिसतो, हेही विसरले जाते. भिंतीचा रंग फलकावर मोठा आणि उशांचा लहान, असे प्रमाण राखल्यास घोटाळा कमी होतो.

घोडबंदर रस्त्यावरच्या एका सदनिकेसाठी केलेला फलक प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. राखाडी माउंटबोर्डवर (जाड पुठ्ठ्यावर) संध्याकाळच्या मासुंदा तलावाचे छायाचित्र, सागवानी छटेच्या सनमायकाचे दोन तुकडे, कोट्याच्या फरशीचा कपचा आणि पितळी कडीचे चित्र होते. सगळे शांत, थोडे हॉटेलसारखे. ग्राहकाच्या आईंनी जुन्या इरकलीच्या काठाची तळहाताएवढी पट्टी आणून मधोमध टाचली. तो लाल काठ येताच फरशी निळसर वाटू लागली आणि पिवळट पडदे बाद झाले. काठाचा धागा सुटू नये म्हणून आईंनी कडेला टाके घातले होते. डिझायनरने ते झाकले नाहीत.

फलकासाठी सनबोर्ड (हलका प्लास्टिकचा फलक) किंवा माउंटबोर्ड वापरतात. हलक्या वस्तूंना दुहेरी टेप पुरते, फरशीच्या तुकड्याला ग्लू गन लागते. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत माउंटबोर्ड वाकतो आणि टेप सुटते, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात जड नमुने फलकावर न चिकटवता वेगळ्या पेटीतून नेण्याची रीत बरी.