मुलगे वयात कधी येत होते? इतिहास सापडला तो भलत्याच वह्यांत

पहिली पाळी कधी आली, हे बाई पन्नाशीतही सांगू शकते. त्यामुळे मुलींच्या वयात येण्याचा इतिहास बराच मागे नेता येतो. मुलग्यांचं तसं नाही. मिसरूड फुटतं, आवाज घोगरा होतो, पण नेमका कधी हे कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून संशोधकांना वेगळ्याच कामासाठी ठेवलेल्या वह्या उकराव्या लागल्या.

त्यातली सगळ्यात गाजलेली वही जर्मनीतल्या लाइपझिगची. तिथल्या सेंट थॉमस शाळेतल्या मुलांचा गायकवृंद 1723 पासून संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या हाताखाली होता. कोणता मुलगा वरच्या पट्टीत गातो आणि कोण खालच्या पट्टीत गेला, याच्या नोंदी 1970 मध्ये तपासल्या गेल्या. 1727 ते 1749 या काळात मुलांचा आवाज साधारण साडेसोळा-सतराव्या वर्षी फुटत होता! त्यातही 1740 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या गादीवरून युद्ध पेटलं तेव्हा हे वय आणखी लांबलं. युद्धकाळात पोरांच्या ताटात काय पडत असेल, याचा अंदाज यावरून करावा. कोपनहेगनच्या गायनशाळेत 1994 ते 2003 या काळात हेच वय 14 च्या आसपास होतं. दोन्हीकडे आवाज फुटला असं ठरवायची पद्धत एकच नव्हती, म्हणून ही तुलना काटेकोर मानू नये. पण फरक पद्धतीने झाकला जाईल एवढा लहान नाही.

वयात येताना उंची झपाट्याने वाढते, म्हणून उंचीच्या नोंदीही कामाला येतात. ही वही लंडनची. 1756 मध्ये स्थापन झालेली मरीन सोसायटी गरीब पोरांना नौदलात भरती करायची आणि भरतीच्या वेळी त्यांची उंची मोजायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चौदा वर्षांचा हा गरीब मुलगा सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातल्या सधन घरच्या मुलापेक्षा सुमारे 15 सेंमी बुटका भरत होता. देश तोच, काळ तोच.

डॉक्टरांकडे स्वतःचं मोजमाप उशिरा आलं. झुरिकच्या आंद्रेआ प्राडर यांनी 1966 मध्ये अंडाकृती मण्यांची माळ मांडली: बारा मणी, 1 ते 25 मिलिलिटर. मुलाचं वृषण चाचपायचं आणि कोणत्या मण्याएवढं आहे ते पाहायचं. 4 मिलिलिटरचा मणी जुळला की वयात येणं सुरू झालं. बालरोगतज्ज्ञ आजही हीच माळ वापरतात. डेन्मार्कमध्ये अशाच तपासणीत हे वय 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 11.92 होतं, ते 2006-08 मध्ये 11.66 वर आलं. मधल्या काळात मुलांचं वजन उंचीच्या मानाने वाढलं होतं. तो हिशेब वजा केल्यावर फरक ठळक उरला नाही.

मात्र मुलग्यांत वजनाचं गणित मुलींइतकं सरळ नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत थोडी जाड मुलं लवकर वयात येताना दिसली, तर फार लठ्ठ मुलं उलट उशिरा.

वजनाचा प्रश्न जगभरचा आहे. 1975 मध्ये 5 ते 19 वयाच्या मुलग्यांत लठ्ठ मुलं 1 टक्क्याहून कमी होती, 2016 मध्ये ती 8 टक्क्यांजवळ पोचली. आपल्याकडे पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांचा ज्यात मोठा वाटा आहे, ते भारतीय बालरोग अकादमीचे 2015 चे वाढतक्ते हे ध्यानात घेऊनच बनवले गेले. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा. प्रौढांसाठी जगभर तो 25 झाला की जादा वजन आणि 30 झाला की लठ्ठपणा मानतात; मुलांच्या या तक्त्यांत त्यांनी ती रेघ प्रौढांच्या 23 आणि 27 शी जुळेल अशी ओढली, कारण तेवढ्याच बीएमआयला भारतीय शरीरात चरबी जास्त असते.